श्रेयांकाबाहेरचे शिक्षण : पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमांचे स्थलांतर आणि सीमेवरील मराठी

एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर नेमके काय जाते, हा प्रश्न वरवर पाहता कुलसचिवांच्या कचेरीचा वाटतो. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या ठिकाणचे पात्रता प्रमाणपत्र एवढ्या चार कागदांत तो संपतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या कागदांवर ज्याची नोंदच होत नाही असे पुष्कळ शिक्षण महाविद्यालयांत चालते. सत्राच्या आरंभी घेतले जाणारे सेतुवर्ग, भाषेत मागे पडलेल्यांसाठी सकाळी लवकर किंवा दुपारनंतर भरणारे उपचारात्मक वर्ग, परप्रांतातून आलेल्यांसाठी चालविले जाणारे भाषाप्रवेशाचे वर्ग, हे सारे या सदरात मोडते. त्यांस तास असतात, शिक्षक असतात, क्वचित परीक्षाही असते. परंतु श्रेयांक नसतात. विद्यार्थी गाव बदलतो तेव्हा हे शिक्षण त्याच्या डोक्यातून जाते, कागदावरून जात नाही. प्रस्तुत लेखात या कागदाबाहेर राहिलेल्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे. आणि तो मुख्यतः भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने, कारण त्याची सर्वाधिक झळ भाषाविभागांनाच लागते.

आरंभीच संज्ञांविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. आपल्याकडील परिपत्रकांत 'उपचारात्मक' हा शब्द रूढ झाला आहे. तो वैद्यकातून आलेला असून विद्यार्थ्याला रोगी ठरवूनच तो वर्गात पाऊल टाकतो. मराठीत 'उपचार' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे केवळ रीत म्हणून पार पाडावयाची गोष्ट. हे वर्ग अनेक ठिकाणी ज्या रीतीने चालतात ती पाहता हा दुसरा अर्थच अधिक यथार्थ ठरतो, असे म्हणण्याचा मोह होतो. 'सेतू' हा शब्द त्यामानाने पुष्कळच सभ्य आहे. सेतूला दोन तीर असतात आणि त्यांपैकी एक तीर म्हणजे आजार असे कोणी मानीत नाही. पुढील विवेचनात मी 'पूर्वतयारीचे अभ्यासक्रम' असा शब्दप्रयोग केला आहे.

आता मूळ मुद्दा. स्थलांतराच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्यावाचून विचार पुढे सरकत नाही. पहिली गोष्ट श्रेयांकाची : पूर्वीच्या संस्थेत केलेले काम नव्या संस्थेच्या पदवीच्या बेरजेत धरले जाते काय? दुसरी गोष्ट पूर्वपात्रतेची : ते काम बेरजेत न धरताही, ते झाले आहे एवढे मान्य करून विद्यार्थ्याला पुढच्या पायरीवर घेतले जाते काय? तिसरी गोष्ट निव्वळ नोंदीची : असे काही काम झाले होते याचा पुरावा तरी कोठे राहतो काय? पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमांबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सर्वत्र नकारार्थी आहे, आणि माझ्या मते ते तसे असण्यात फारसा अन्याय नाही. पदवीचा पाया ज्या पातळीवर सुरू होतो त्याच्या खालचे काम पदवीत मोजू नये हे तर्काला धरून आहे. अन्याय होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांच्या बाबतीत. जे काम बेरजेत धरावयाचे नाही ते झालेच नाही असे मानण्याची सवय आपल्या कचेऱ्यांना लागली आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

रायपूरच्या पुरानी बस्तीत राहून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे तो किती जुना आहे हे कळते. महामायेचे देऊळ, दूधाधारी मठ आणि जवळचा बूढा तालाब यांच्या आसपासचा हा रायपूरचा जुना गाभा. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत याने छत्तीसगढावर स्वारी केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, मधला काही काळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीचा सोडता, हा मुलूख मराठी दरबाराच्या हुकुमतीत होता. कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य अशी मराठी घराणी या निमित्ताने येथे आली व राहिली. तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावातूनही ती मराठी छटा जाणवते. पुढे रेल्वे आणि सरकारी नोकऱ्या यांमुळे आणखी कुटुंबे आली. या घरांतून मराठी बोलली जाते, गणपती बसतो, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना गर्दी होते; परंतु शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि रस्त्यावरची भाषा छत्तीसगढी असते.

याच परिसराला लागून असलेल्या बूढापारा भागात १८७७ पासून सुमारे दोन वर्षे एक बंगाली मुलगा राहिला होता. वडील वकील, कामानिमित्त रायपूरला आलेले. मुलाचे नियमित शालेय शिक्षण या काळात बंद होते, घरीच वडिलांच्या सहवासात वाचन आणि चर्चा चालत. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले तेव्हा त्याला जुन्या शाळेत पुन्हा प्रवेश मिळण्यास अडचण पडली, कारण दोन वर्षांचा अभ्यास कोणत्याही हजेरीपटावर नव्हता. शिक्षकांनी अपवाद म्हणून त्याला घेतले आणि राहिलेला अभ्यास भरून काढून त्याच वर्षी तो प्रवेशपरीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे नरेंद्रनाथ दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद. चरित्रकार ही हकीकत त्यांच्या असामान्य बुद्धीचे उदाहरण म्हणून सांगतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील शिक्षकांचा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. रायपूरची ती दोन वर्षे त्यांनी श्रेयांकात मोजली नाहीत. पण ती वाया गेली असेही मानले नाही. मुलगा पुढच्या वर्गास योग्य आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले. सर्वांच्या वाट्याला अशी तल्लख बुद्धी येत नाही आणि असे शिक्षकही येत नाहीत, म्हणून तर नियम लागतात.

माधवराव सप्रे यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात जन्मलेले सप्रे बिलासपूर व रायपूर येथे शिकले, पुढे गावे व महाविद्यालये बदलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. म्हणजे ज्या मराठीच्या बळावर हे कार्य झाले ती त्यांच्या पदवीत कोठेही नव्हती, ती घरातून आली होती. गजानन माधव मुक्तिबोध यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. घरची भाषा मराठी, एम.ए. नागपूर विद्यापीठाची, पण हिंदी विषयात. १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापन. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातील दोन भावांना दोन भाषांची साहित्ये मिळाली, आणि या देवघेवीतील कोणताही भाग गुणपत्रिकेवर सापडणार नाही. प्रतिभावंतांचे निभावते. प्रश्न सामान्य विद्यार्थ्याचा आहे.

या सामान्य विद्यार्थ्याच्या डोक्यावरून सीमा मात्र वारंवार सरकल्या आहेत. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मध्यप्रांतातील उच्च शिक्षणाचे केंद्र नागपूर झाले. १९३८ मध्ये निघालेले रायपूरचे छत्तीसगढ महाविद्यालय त्याच विद्यापीठाशी संलग्न होते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले आणि हिंदी भाषिक जिल्ह्यांतील महाविद्यालये तिकडे गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि छत्तीसगढ मध्यप्रदेशात गेला. १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. २००० मध्ये छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले. दरम्यान दूधाधारी मठाच्या औदार्यातून रायपूरला संस्कृत महाविद्यालय आणि मुलींचे महाविद्यालय उभे राहिले होते. १९३८ ते १९६४ या सव्वीस वर्षांत एकाच इमारतीतले एकच महाविद्यालय तीन विद्यापीठांच्या छायेखाली गेले. नागपूर विद्यापीठाने हिंदीबरोबर मराठीलाही अध्यापनाचे माध्यम म्हणून मान्यता दिली होती. ते दार रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याला, त्याने घर न हलविता, बंद झाले. तेव्हापासून मराठीचा पदव्युत्तर अभ्यास करावयाचा तर त्याने नागपूरची, अमरावतीची किंवा पुण्याची वाट धरावी हे ओघानेच आले.

तेथे जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीची कल्पना करू. ती पुरानी बस्तीतील मराठी घरातली, पदवी हिंदी माध्यमातून घेतलेली. मराठी बोलते अस्खलित, वाचते अडखळत, लिहिते हिंदीच्या वळणाने. तिने रायपुरात कोठेतरी पूर्वतयारीचा मराठी वर्ग केला आहे. समजा साठ तासांचा. नागपूरला गेल्यावर तिला पुन्हा पहिल्या पायरीवरच्या वर्गात बसविले जाते, किंवा याच्या नेमके उलट, काहीच न विचारता ज्ञानेश्वरी शिकविणाऱ्या वर्गात बसविले जाते. दोन्ही उपाय चुकीचे आहेत आणि दोन्हींचे कारण एकच : तिला काय येते याची नोंद नाही.

येथे भाषेच्या अंगाने थोडे खोलात जाणे आवश्यक आहे. हिंदी-छत्तीसगढी परिसरात वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या 'चुका' म्हणून ज्या गणल्या जातात त्या बहुतांशी चुका नसून दोन व्यवस्थांच्या टकरीतून निर्माण झालेली नियमित रूपे असतात. लिंगाचे उदाहरण पाहा. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन, आणि छत्तीसगढीत क्रियापदाला व विशेषणाला लिंगाचा जाच जवळजवळ नाहीच. ज्या मुलीने सकाळी आईशी तीन लिंगांत, शाळेत दोन लिंगांत आणि दुकानात लिंगाविना बोलावयाचे, तिच्या निबंधात 'पुस्तक चांगली आहे' असे वाक्य आले तर ते अज्ञानाचे लक्षण नव्हे. हिंदीतील 'किताब' तेथे मराठी वेष घालून आली आहे. कर्त्याच्या प्रत्ययाचेही तसेच. हिंदीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर 'मैंने' म्हणावे लागते. मराठीत 'त्याने आंबा खाल्ला' परंतु 'मी आंबा खाल्ला'. छत्तीसगढीत हा 'ने' मुळातच नाही. तिन्ही भाषा कानावर असलेल्या विद्यार्थ्याला यांतील नियम कोणीतरी शेजारी शेजारी मांडून दाखविला पाहिजे. तो दाखविला की अर्ध्या तासात गाठ सुटते असा माझा वर्गातील अनुभव आहे.

'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद हा आणखी नाजूक विषय. ऐकणाऱ्याला धरून बोलणे आणि त्याला वगळून बोलणे यांसाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. हिंदीचे 'हम' हे काम एकट्याने करते, आणि हिंदीच्या 'आप'मुळे 'आपण' हा शब्द विद्यार्थ्याला केवळ आदरार्थी वाटतो. संतकाव्य किंवा दलित आत्मकथन वाचताना या भेदावर अर्थ टांगलेला असतो. कवी 'आम्ही' म्हणतो तेव्हा वाचक आत आहे की बाहेर? ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने ती कविता वाचली असे म्हणणे कठीण आहे.

लिपी एकच असल्याचा लाभ मोठा आहे, पण त्यातून एक खोटा भरवसाही निर्माण होतो. 'शिक्षा' वाचताच हिंदी वाचकाला विद्यालय आठवते, मराठी वाचकाला छडी. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'आपत्ति' हिंदीत हरकतही होते, मराठीत ती संकटच राहते. 'संसार' हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच; आणि एखाद्या मराठी कादंबरीतील नायिकेचा 'संसार मोडला' हे वाक्य जगबुडीच्या अर्थाने घेणारा विद्यार्थी कोणी अतिशयोक्ती समजू नये. अशा शब्दांची यादी पाठ करून घेणे म्हणजे उपचार झाला. त्या शब्दांचे अर्थ कोठे व का फुटले याचा शोध घेणे म्हणजे तौलनिक अभ्यास झाला. साधनसामग्री तीच, पातळी वेगळी. म्हणून भाषेच्या पूर्वतयारीचा वर्ग हा गणिताच्या पूर्वतयारीच्या वर्गासारखा नाही असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अपूर्णांकांची उजळणी करणारा विद्यार्थी शाळेत राहून गेलेले भरून काढीत असतो. रायपूरचा मराठी विद्यार्थी मात्र त्याला शाळेने कधीच न दिलेले शिकत असतो, आणि तेही तीन भाषांच्या सामग्रीसह.

या विचाराला परदेशात एक समर्थ पूर्वसूरी आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शालान्त विद्यार्थ्यांसाठी दारे खुली केली आणि पूर्वी कधी महाविद्यालयात न पोहोचलेला वर्ग एकदम आत आला. तेथील सिटी कॉलेजात लेखन शिकविणाऱ्या मीना शॉनेसी यांनी प्रवेशाच्या वेळी लिहिलेल्या सुमारे ४,००० निबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांच्या चुकांना तर्क असतो, तो शिक्षकाने वाचावयास शिकले पाहिजे, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन. तथापि संस्थेच्या पातळीवर शेवट निराळा झाला : १९९९ मध्ये त्या विद्यापीठाने आपल्या चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांतून हे वर्ग काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

अमेरिकेतील व्यवस्था या संदर्भात समजून घेण्यासारखी आहे, कारण तेथे हा प्रश्न नियमांच्या भाषेत बराच स्पष्ट झाला आहे. पूर्वतयारीचे अभ्यासक्रम तेथे गुणपत्रिकेवर नोंदविले जातात, बहुधा शंभराच्या खालचा क्रमांक देऊन. त्यांना मिळणारा श्रेयांक 'संस्थेपुरता' असतो : विद्यार्थी पूर्णवेळ आहे की नाही हे ठरविताना आणि सरकारी अर्थसाहाय्यासाठी तो धरला जातो, तोही एका वर्षाच्या, म्हणजे ३० सत्र-श्रेयांकांच्या मर्यादेपर्यंत; पदवीच्या बेरजेत धरला जात नाही. महाविद्यालय बदलताना तो बरोबर जात नाही. परंतु नव्या महाविद्यालयाला नोंद दिसत असल्यामुळे, पूर्वपात्रता पुरी झाली असे मानून विद्यार्थ्याला थेट पुढच्या वर्गात घेण्याचा अधिकार त्याला राहतो, आणि अनेक ठिकाणी तो वापरला जातो. म्हणजे वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची तेथील उत्तरे अनुक्रमे 'नाही', 'बहुधा' आणि 'होय' अशी आहेत. त्या व्यवस्थेवरही टीका झाली. श्रेयांकाविना पैसे व वेळ खर्चून अनेक विद्यार्थी पदवीच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत हे ध्यानात आल्यावर २०१३ मध्ये फ्लोरिडाने बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग ऐच्छिक केले आणि २०१७ च्या कॅलिफोर्नियातील कायद्याने विद्यार्थ्यांना शक्य तितक्या थेट श्रेयांकाच्या वर्गात घेऊन तेथेच जोडीला साहाय्य देण्यावर भर दिला.

युरोपातील १९९७ चा लिस्बन करार निराळ्या बाजूने विचार करतो. दुसरीकडचे शिक्षण अमान्य करावयाचे असेल तर दोन्हींत लक्षणीय फरक आहे हे अमान्य करणाऱ्याने दाखवावे, असा त्याचा आशय आहे. आपल्या कचेऱ्यांत पुराव्याचे ओझे नेहमी विद्यार्थ्याच्या खांद्यावर असते. ते तेथे टेबलाच्या पलीकडे सरकविले गेले आहे. एवढ्या एका बदलाचे मोल मोठे आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत बोधप्रद अनुभव मुक्त विद्यापीठाचा. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम अनेक वर्षे चालविला. तो उत्तीर्ण होणाऱ्याला त्या विद्यापीठाच्या पदवी शिक्षणक्रमास प्रवेश मिळे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचाही तसाच शिक्षणक्रम होता. गृहिणी, कामगार, शाळा सुटलेले तरुण यांना या दाराने उच्च शिक्षणात येता आले, हे या शिक्षणक्रमांचे कार्य मोठेच म्हटले पाहिजे. परंतु हे दार एकाच घराचे होते. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. म्हणून अन्य विद्यापीठांत, किंवा बारावीची अट असलेल्या नोकरीत, ती चालत नसे. त्याच विद्यापीठात पदवी पुरी केलेल्या माणसालाही पुढे कोठे गेल्यावर 'पण बारावी कोठे आहे?' हा प्रश्न येई. नव्या संस्थेपुढे खरा प्रश्न त्या माणसाच्या क्षमतेचा असावयास हवा होता. तीन वर्षांचा पदवी अभ्यास त्याने यशस्वीपणे पुरा केल्यावर त्याच्या पूर्वतयारीची शंका घेणे म्हणजे नदी पोहून पलीकडे गेलेल्याला पोहता येते काय असे विचारण्यापैकी आहे.

आता वर्तमान व्यवस्थेकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम काढले. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा होतात, साधारणतः सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, आणि संस्था बदलली तरी वापरता येतात. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचे अध्यापन असे गणित असून तीन वर्षांच्या पदवीला १२० व चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ८ श्रेयांक भाषिक क्षमतावर्धनासाठी, म्हणजे आधुनिक भारतीय भाषा व इंग्रजी यांसाठी, राखलेले आहेत. छत्तीसगढ व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पर्यंत सर्वसाधारणपणे लागू झाला.

ही बँक उत्तम आहे. परंतु बँकेत पैसेच ठेवता येतात, त्याचप्रमाणे तेथे श्रेयांकच ठेवता येतात. शून्य श्रेयांकाच्या वर्गाला तेथे खाते नाही. पूर्वी आयोगाच्या पंचवार्षिक अनुदानातून अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी चालणारे उपचारात्मक वर्ग असोत की आजचे सेतुवर्ग, त्यांच्या खर्चाचा हिशेब काटेकोर ठेवला जातो, उपयोजिता प्रमाणपत्रे वेळेवर जातात. विद्यार्थ्याच्या हाती मात्र काही पडत नाही. एखाद्या महाविद्यालयाने वर्ग घेतला याचा पुरावा दहा ठिकाणी असतो, एखाद्या विद्यार्थ्याने तो केला याचा एका ठिकाणीही नसतो. आश्चर्य असे की २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्गाबाहेरील पूर्वार्जित शिक्षणाचे मूल्यमापन करून त्यास श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य झाले आहे. कारखान्यात किंवा हातमागावर शिकलेले मोजता येते, पण महाविद्यालयातच साठ तास शिकलेले मोजता येत नाही, अशी विसंगती त्यामुळे उभी राहते.

यावर सगळ्याच पूर्वतयारीला श्रेयांक द्यावेत असा एक उपाय सुचविला जातो. मला तो पटत नाही. तसे केल्यास पदवीची पातळी खाली येईल ही भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. शिवाय ज्याला या वर्गांची गरज नाही त्याच्याशी तुलना करताना नवे अन्याय निर्माण होतील. भाषेच्या बाबतीत मात्र मधला मार्ग उपलब्ध आहे, कारण क्षमतावर्धनाचे ८ श्रेयांक तेथे आधीच आहेत. रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने त्यांतील भारतीय भाषेचा पर्याय म्हणून मराठी ठेवली, आणि ती 'घरात बोलणाऱ्यांसाठी मराठी' अशा स्वतंत्र अभ्यासक्रमाने शिकविली, तर हाच पूर्वतयारीचा वर्ग श्रेयांकासह खात्यावर जाऊ शकतो. लिंगव्यवस्था, 'ने'चा प्रयोग, 'आम्ही' व 'आपण', 'ळ'चा उच्चार, 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन ध्वनी, समान दिसणारे परंतु भिन्नार्थी शब्द, आणि सरतेशेवटी सप्र्यांच्या अनुवादांशेजारी मूळ ग्रंथांतील काही पृष्ठे, एवढी सामग्री साठ तासांना पुरून उरेल. शिक्षक मिळणे ही खरी अडचण आहे. म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थानाचे पुण्यातील पश्चिम विभागीय भाषाकेंद्र अन्य भाषकांना मराठी शिकविण्याचे काम दीर्घकाळ करीत आले आहे. त्याचा अनुभव येथे उपयोगी पडावा. तथापि अन्य भाषकाला मराठी शिकविणे वेगळे आणि घरातली मराठी वर्गात आणणे वेगळे, हेही विसरून चालणार नाही.

जेथे श्रेयांक देणे शक्य नाही तेथे निदान दाखला नीट लिहिला जावा. 'अमुक विद्यार्थ्याने उपचारात्मक वर्ग समाधानकारक रीतीने पूर्ण केला' या वाक्यातून नव्या विभागाला काहीही कळत नाही. किती तास, कोणत्या पातळीवरून कोणत्या पातळीपर्यंत, कोणते पाठ्य वाचले, शेवटी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली दोन पृष्ठे कशी आहेत, एवढे त्यात असावे. ती दोन पृष्ठे दाखल्याला जोडलेलीच असावीत. नागपूर किंवा पुण्याच्या मराठी विभागातील अध्यापक ती दहा मिनिटांत वाचून मुलीला कोठे बसवावयाचे ते ठरवू शकतील. त्यासाठी समिती, समकक्षता मंडळ किंवा दिल्लीचा पत्रव्यवहार लागणार नाही. आणि तिला पुढच्या वर्गात घेणे शक्य नाही असे त्यांना वाटलेच, तर का नाही हे त्यांनी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहावे.

वाहतूक अर्थातच एकाच दिशेने होत नाही. नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडून नोकरीच्या बदल्यांबरोबर रायपूरला येणाऱ्या कुटुंबांतील मुले मधल्याच एखाद्या सत्रात येथील महाविद्यालयात दाखल होतात. मध्यप्रदेशातून वारशाने आलेल्या आधार पाठ्यक्रमामुळे येथील पदवी अभ्यासात हिंदी भाषेला दीर्घकाळ अनिवार्य स्थान राहिले आहे. या मुलांची हिंदी ऐकून आणि चित्रपट पाहून तयार झालेली असते; 'शिक्षा'चा घोटाळा त्यांचाही होतो, फक्त उलट्या बाजूने. त्यांच्यासाठी महाविद्यालयाने महिनाभराचा हिंदीचा वर्ग घेतला तर तोही शून्य श्रेयांकाचाच असणार, आणि वडिलांची पुन्हा बदली झाली की तोही मागे राहणार. पुरानी बस्तीतल्या मुलीच्या दाखल्याचा जो नमुना ठरेल तोच या मुलांना लागू करावयाचा आहे; म्हणून तो दोन्ही विद्यापीठांच्या हिंदी व मराठी विभागांनी एकत्र बसून, दोन्ही भाषांत, एकाच कागदावर तयार करणे बरे.